हायपरटेन्शन : एका वैद्यकीय संज्ञेचा अर्थ व वापर

वैद्यकशास्त्रातील काही इंग्रजी शब्द रुग्णालयाच्या भिंती ओलांडून आता घरोघरी पोहोचले आहेत. 'हायपरटेन्शन' हा त्यांपैकी एक होय. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो लिहिलेला असतो, विम्याच्या अर्जात त्याविषयी प्रश्न विचारलेला असतो, औषधाच्या वेष्टनावर तो छापलेला असतो. परंतु जो शब्द नेहमी कानांवर पडतो त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असतोच, असे नाही. उलट, ओळखीच्या शब्दाविषयीचे गैरसमज अधिक काळ टिकून राहतात. कारण अनोळखी शब्दाचा अर्थ आपण विचारतो, ओळखीच्या शब्दाचा विचारीत नाही.

या शब्दाच्या बाबतीत तर गैरसमज होण्यास एक खास कारण आहे. 'टेन्शन' हा शब्द आपल्या बोलण्यात चिंता किंवा मनाची ओढाताण या अर्थाने रूढ झाला आहे. परीक्षेचे टेन्शन, कर्जाचे टेन्शन, मुलीच्या लग्नाचे टेन्शन असे आपण सर्रास म्हणतो. त्यामुळे 'हायपरटेन्शन' म्हणजे 'फार मोठे टेन्शन' असा अर्थ सहज लावला जातो. मग त्यातून दोन अनुमाने निघतात. एक असे की, माझा स्वभाव शांत आहे, तेव्हा मला हा विकार होणार नाही. दुसरे असे की, आता चिंता मिटली आहे, तेव्हा गोळी बंद करण्यास हरकत नाही. ही दोन्ही अनुमाने चुकीची आहेत आणि त्यांच्यापायी माणसे प्राणास मुकतात. म्हणूनच या एका शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे हे केवळ भाषेच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे. ते प्रत्येकाच्या हिताचे आहे.

शब्दाची फोड

'हायपरटेन्शन' हा शब्द दोन भागांचा बनलेला आहे. पहिला भाग 'हायपर' हा ग्रीक भाषेतून आला असून त्याचा अर्थ 'वर', 'पलीकडे', 'प्रमाणाबाहेर' असा होतो. संस्कृतातील 'उपरि' हा शब्द त्याचा सगोत्र आहे. दुसरा भाग 'टेन्शन' हा लॅटिन भाषेतील 'ताणणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. त्याचेही नाते संस्कृताशी आहे. 'तन्' या धातूचा अर्थ 'पसरणे, ताणणे' असा असून 'तंतू' हा शब्द त्यापासूनच झाला. आपले 'ताण' आणि 'ताणणे' हे शब्दही याच कुळातील होत. तेव्हा शब्दशः पाहिल्यास 'हायपरटेन्शन' म्हणजे 'प्रमाणाबाहेरचा ताण'.

आता प्रश्न असा की, हा ताण कशाचा? येथेच खरी मेख आहे. हा ताण मनाचा नव्हे, धमनीच्या भिंतीचा आहे. फुगा फुगवला म्हणजे आतील हवेच्या दाबाने त्याचे रबर ताणले जाते. तद्वत धमनीतील रक्ताच्या दाबाने तिची भिंत ताणली जाते. दाब जितका अधिक, तितका भिंतीवरील ताण अधिक. म्हणून एकोणिसाव्या शतकातील डॉक्टर 'धमनीतील दाब' असे न म्हणता बहुधा 'धमनीचा ताण' असेच म्हणत. त्या काळी दाब मोजण्याचे सोयीचे साधन नव्हते. मनगटावरील नाडी बोटाखाली किती कठीण व ताठ लागते, यावरूनच अंदाज करावा लागे. आज आपण 'दाब' म्हणतो; परंतु रोगाच्या नावात जुना 'ताण' तसाच राहून गेला आहे.

शुद्ध व्युत्पत्तीचा आग्रह धरणाऱ्यांना ग्रीक उपसर्ग आणि लॅटिन नाम यांची ही जोडणी रुचली नाही. इंग्लंडमधील ख्यातनाम वैद्य सर क्लिफर्ड ऑल्बट (१८३६–१९२५) यांनी 'दाब' या अर्थाचा ग्रीक शब्द घेऊन 'हायपरपाएझिया' असा पूर्णपणे ग्रीक शब्द बनविला. तो काही काळ वापरातही होता. परंतु लोकांच्या व डॉक्टरांच्या जिभेवर 'हायपरटेन्शन' हाच शब्द बसला. शब्दांच्या जगात शुद्धतेपेक्षा रूढी बलवान ठरते, ती अशी.

मराठीत या विकाराला 'उच्च रक्तदाब' किंवा 'अतिरक्तदाब' असे म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दापेक्षा हे शब्द अधिक स्पष्ट आहेत. त्यांत 'रक्त' आहे आणि 'दाब' आहे. मनाचा उल्लेख कोठेही नाही.

दाब कसा मोजला गेला

रक्ताला दाब असतो हे प्रथम प्रत्यक्ष मोजून दाखविले ते स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने. त्याने एका घोडीच्या मांडीतील धमनीला काचेची लांब उभी नळी जोडली. तेव्हा रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच इतक्या उंचीपर्यंत चढले. या प्रयोगांचा वृत्तांत १७३३ साली प्रसिद्ध झाला. परंतु माणसाची धमनी कापून दाब मोजणे शक्य नव्हते. शिवाय इतकी उंच नळी वापरणेही गैरसोयीचे होते. पुढे १८२८ साली फ्रान्समधील प्वाझय याने नळीत पारा वापरला. पारा पाण्याच्या सुमारे १३.६ पट जड असल्यामुळे तोच दाब पाऱ्याच्या लहानशा स्तंभाने दाखविता येतो. म्हणूनच रक्तदाब आजही 'पाऱ्याचे मिलिमीटर' या एककात सांगतात. पारा विषारी असल्यामुळे पाऱ्याची उपकरणे आता मागे पडत चालली आहेत. परंतु एकक मात्र तेच आहे.

१८९६ साली इटलीतील तुरिन येथील रिवा-रोच्ची याने दंडावर बांधावयाचा फुगीर पट्टा तयार केला. पट्ट्यात हवा भरीत जावे आणि मनगटावरील नाडी ज्या क्षणी लागेनाशी होते, त्या क्षणीचा दाब पाहावा, अशी त्याची रीत होती. हिच्यायोगे फक्त वरचा दाब कळे. १९०५ साली रशियातील डॉक्टर कोरोत्कोव्ह याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. पट्ट्याच्या खालच्या बाजूस धमनीवर स्टेथॉस्कोप ठेवून त्याने ऐकले. पट्ट्यातील हवा सावकाश सोडली असता एका विशिष्ट दाबाला ठक् ठक् असा ध्वनी सुरू होतो आणि आणखी खालच्या दाबाला तो नाहीसा होतो. ध्वनी सुरू होतो तो वरचा दाब आणि थांबतो तो खालचा दाब. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून कानाला नळ्या लावतात, तेव्हा ते कोरोत्कोव्हचीच रीत अनुसरीत असतात.

या दोन आकड्यांचा अर्थ सोपा आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त जोराने धमन्यांत ढकलले जाते. त्या वेळचा कमाल दाब म्हणजे 'सिस्टॉलिक' किंवा आकुंचनकालीन दाब. हृदय शिथिल होऊन पुन्हा रक्ताने भरत असते, तेव्हा धमन्यांत उरलेला किमान दाब म्हणजे 'डायस्टॉलिक' किंवा शिथिलनकालीन दाब. '१२०/८०' असे लिहिलेले असते, त्यात पहिला आकडा आकुंचनकालीन दाबाचा आणि दुसरा शिथिलनकालीन दाबाचा असतो. पाऱ्याचे १२० मिलिमीटर हा दाब किरकोळ नव्हे. एवढ्या दाबाने पाण्याचा स्तंभ १.६ मीटरहून अधिक उंच चढेल, म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीइतका. एवढा दाब निरोगी धमन्या जन्मभर सोसतात. तो सतत वाढलेला राहिला, तर मात्र त्यांच्यावर काय ओढवत असेल, याची कल्पना करता येईल.

कोणत्या दाबाला हायपरटेन्शन म्हणावे? निसर्गाने आखून दिलेली अशी स्पष्ट सीमारेषा नाही. आपल्या देशात सामान्यतः वरचा दाब १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा दाब ९० किंवा त्याहून अधिक असा वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आढळला, तर हायपरटेन्शन आहे असे समजतात. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ साली हीच मर्यादा १३० व ८० अशी खाली आणली. म्हणजे संज्ञा एक असली तरी तिची व्याख्या मनुष्यांनी पुराव्याच्या आधारे ठरविलेली असते आणि पुरावा वाढला की ती बदलते.

लक्षणाविना असणारा विकार

भारताशी नाते असलेल्या एका डॉक्टरांचे नाव येथे आवर्जून घेतले पाहिजे. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद इंग्लंडला जाऊन स्थायिक झाले होते. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महोमेद (१८४९–१८८४) हा लंडनच्या गायज रुग्णालयात डॉक्टर होता. नाडीच्या ठोक्याचा आलेख काढणारे यंत्र त्याने सुधारले व शेकडो माणसांची नाडी तपासली. मूत्रपिंडाच्या रोगामुळे धमन्यांचा ताण वाढतो, एवढेच त्या काळी ठाऊक होते. महोमेदने दाखवून दिले की, मूत्रपिंडाचा रोग नसलेल्या, स्वतःला धडधाकट समजणाऱ्या, कामधंदा करणाऱ्या माणसांतही धमन्यांचा ताण वाढलेला असतो. पस्तिसाव्या वर्षी विषमज्वराने त्याचा अंत झाला. परंतु या संज्ञेचा गाभा त्याने सर्वांच्या आधी ओळखला होता. हायपरटेन्शन ही जाणवणारी गोष्ट नसून मोजावयाची गोष्ट आहे.

डोके दुखले, चक्कर आली किंवा राग आला म्हणजेच रक्तदाब वाढला असेल, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः बहुसंख्य रोग्यांना काहीही जाणवत नाही. दाब मात्र वर्षानुवर्षे आपले काम करीत राहतो. हृदयाचे स्नायू जाड होतात व पुढे थकतात. मूत्रपिंडातील बारीक वाहिन्या निकामी होतात. डोळ्याच्या पडद्याला इजा होते. मेंदूतील वाहिनी फुटते किंवा तुंबते आणि पक्षाघात होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे जगातील ३० ते ७९ वर्षे वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना हा विकार होता आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याची कल्पनाच नव्हती.

मग मनाच्या चिंतेचा आणि रक्तदाबाचा काहीच संबंध नाही काय? संबंध आहे, पण तो मर्यादित आहे. भीती, राग, धावपळ यांनी दाब तात्पुरता वाढतो आणि पुन्हा खाली येतो. डॉक्टरांच्या पुढ्यात बसल्याबरोबर काहींचा दाब वाढतो, त्याला 'पांढऱ्या कोटाचे हायपरटेन्शन' असे गमतीदार पण अधिकृत नाव आहे. परंतु शांत स्वभावाच्या माणसालाही हायपरटेन्शन होते, आणि चिंतातुर माणसाचा दाब प्रमाणात असू शकतो. वय, आनुवंशिकता, आहारातील मीठ, वजन, व्यायामाचा अभाव, मद्य यांचा वाटा मोठा आहे. म्हणून मन शांत झाले याचा अर्थ दाब उतरला, असा मुळीच होत नाही.

'इसेन्शियल' या विशेषणाने केलेला घोटाळा

वैद्यकाच्या पुस्तकांत 'इसेन्शियल हायपरटेन्शन' असा शब्दप्रयोग आढळतो. जर्मन वैद्य फ्रांक याने १९११ साली या अर्थाचा शब्द रूढ केला. सामान्य इंग्रजीत 'इसेन्शियल' म्हणजे 'अत्यावश्यक'. मग 'अत्यावश्यक उच्च रक्तदाब' असा अर्थ करावयाचा काय? तसे नव्हे. वैद्यकाच्या भाषेत या विशेषणाचा अर्थ 'स्वयंभू', म्हणजे ज्यामागे दुसरा एखादा रोग दाखविता येत नाही असा, इतकाच आहे. रोग्यांपैकी बहुतेकांचे हायपरटेन्शन याच प्रकारचे असते. मूत्रपिंडाचा किंवा अंतःस्रावी ग्रंथींचा रोग हे कारण सापडले, तर त्याला 'सेकंडरी' म्हणजे दुय्यम हायपरटेन्शन म्हणतात.

दुर्दैवाने त्या काळी अनेक डॉक्टरांची समजूत या शब्दाच्या सामान्य अर्थाशी नेमकी जुळणारी होती. वयाबरोबर धमन्या कठीण होतात, त्यांतून रक्त पुढे नेण्यास अधिक दाब आवश्यकच असतो, तेव्हा तो कमी करण्याच्या भरीस पडू नये, असे मानले जाई. परिणामकारक औषधेही फारशी नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासले, तेव्हा त्यांचा दाब १८६/१०८ होता. विश्रांती, मीठ कमी करणे, हृदयासाठी डिजिटॅलिस, याहून अधिक काही करणे शक्य नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. ज्या पदावरील व्यक्तीला जगातील उत्तम वैद्यकीय मदत उपलब्ध होती, तिचीही ही स्थिती होती.

हे चित्र पालटण्यात भारतातील एका वनस्पतीचा आणि मुंबईतील एका डॉक्टरांचा हातभार लागला. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार औषध म्हणून वापरली जात असे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रोग्यांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. 'इसेन्शियल हायपरटेन्शन' ही संज्ञा त्या निबंधाच्या शीर्षकातच आहे. त्यानंतर सर्व जगाचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

दाब उतरविल्याने रोगी खरोखर वाचतो काय, याचे निःसंदिग्ध उत्तर १९६७ साली मिळाले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर एक चाचणी घेण्यात आली. त्यांचा खालचा दाब सरासरी ११५ ते १२९ इतका होता. काहींना औषधे दिली आणि काहींना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २७ गंभीर उपद्रव घडले व चौघांचा मृत्यू झाला. औषधे घेणाऱ्यांत फक्त दोन उपद्रव घडले, मृत्यू एकही झाला नाही. या औषधांच्या मिश्रणात रेसर्पिनही होते. 'आवश्यक' मानलेला तो दाब मुळीच आवश्यक नव्हता, हे सिद्ध झाले. पुढे अधिक चांगली औषधे निघाली आणि दुष्परिणामांमुळे, विशेषतः मन खिन्न होते म्हणून, रेसर्पिन मागे पडले. तेव्हा सर्पगंधेची मुळी स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे, हेही ध्यानात ठेवावे. या साऱ्या गोंधळामुळे 'इसेन्शियल' या शब्दाऐवजी आता 'प्रायमरी' म्हणजे प्राथमिक हा शब्द अधिक पसंत करतात.

शब्दाचे कुटुंब

एक शब्द कळला की त्याच्या कुळातील इतर शब्द ओळखणे सोपे जाते. 'हायपरटेन्सिव्ह' हे विशेषण आहे. ते नामासारखे वापरले असता त्याचा अर्थ 'उच्च रक्तदाब असलेला रोगी' असा होतो. 'अँटिहायपरटेन्सिव्ह' म्हणजे रक्तदाब उतरविणारे औषध. 'हायपरटेन्शन' या नामामागे दुसरे विशेषण नसेल, तर ते साऱ्या शरीरभर जाणाऱ्या धमन्यांतील दाबाविषयी आहे, असे समजावे. विशेषण आले की जागा बदलते. 'पल्मनरी हायपरटेन्शन' म्हणजे हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमन्यांतील वाढलेला दाब. दंडावर पट्टा बांधून तो कळत नाही. 'पोर्टल हायपरटेन्शन' म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील वाढलेला दाब. यकृत कठीण झाले म्हणजे तो होतो. 'ऑक्युलर हायपरटेन्शन' हा तर रक्ताचा दाबच नव्हे. डोळ्याच्या आतील द्रवाचा तो दाब आहे. या सर्वांत समान असे एकच आहे : कोठेतरी दाब प्रमाणाबाहेर वाढला आहे.

'हायपोटेन्शन' हा शब्द मात्र नीट ऐकावा. 'हायपो' याचा अर्थ 'खाली, कमी' असा असून संस्कृतातील 'उप' हा त्याचा सगोत्र आहे. 'हायपर' आणि 'हायपो' यांचे उच्चार जवळचे, पण अर्थ परस्परविरुद्ध. दूरध्वनीवर किंवा गडबडीत एकाऐवजी दुसरा ऐकू आला, तर उपचार उलटा होईल. म्हणून असे शब्द केवळ कानावर विसंबून सांगू नयेत. सोबत आकडे सांगावेत व लिहून घ्यावेत.

योग्य वापर

'मला बी. पी. आहे' असे वाक्य आपण नेहमी ऐकतो. बी. पी. म्हणजे 'ब्लड प्रेशर', अर्थात रक्तदाब. आणि तो प्रत्येक जिवंत माणसाला असतोच. 'मला उच्च रक्तदाब आहे' किंवा 'मला हायपरटेन्शन आहे' असे म्हणावे. डॉक्टर बदलताना किंवा शस्त्रक्रियेपूर्वी केवळ 'बी. पी. आहे' असे सांगण्यापेक्षा दाबाचे आकडे व गोळीचे नाव सांगणे अधिक उपयोगी पडते.

त्याचप्रमाणे 'माझा रक्तदाब आता बरा झाला' हे वाक्यही फसवे आहे. औषधाने दाब प्रमाणात आला, तर तो 'नियंत्रणात' आहे असे म्हणावे. धरणाचा दरवाजा बंद असल्यामुळे नदीचे पाणी अडलेले असते. पाणी नाहीसे झालेले नसते. बहुतेक रोग्यांनी स्वतःहून औषध थांबविल्यास दाब पुन्हा चढतो. मात्रा कमी करावयाची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

दाब मोजतानाही काही पथ्ये आहेत. अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी, तंबाखू व व्यायाम वर्ज्य करावा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. मोजताना बोलू नये. निदान दोन वेळा मोजून आकडे तारखेसह टिपून ठेवावेत. मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचे, पापड व खारवलेले पदार्थ यांतील मीठही या हिशेबात धरावयाचे असते.

सारांश, 'हायपरटेन्शन' हा शब्द मनाविषयी काही सांगत नाही; तो धमन्यांतील रक्ताच्या दाबाविषयी सांगतो. तो अनुभवाने कळत नाही, मापनाने कळतो. ज्याला हा अर्थ उमगला, तो लक्षणांची वाट पाहत बसणार नाही, आणि बरे वाटू लागले म्हणून औषधही टाकणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'हायपरटेन्शन' या शब्दाची फोड करून त्यातील 'ताण' कशाचा आहे ते सांगा.
२. 'मला बी. पी. आहे' हे वाक्य सदोष का आहे? ते दुरुस्त करून लिहा.
३. रिवा-रोच्ची व कोरोत्कोव्ह यांच्या पद्धतींतील फरक स्पष्ट करा.
४. 'इसेन्शियल' या विशेषणाचा सामान्य अर्थ व वैद्यकीय अर्थ यांतील भेद सांगा.
५. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीचा रक्तदाब आरोग्यकेंद्रात मोजवून घ्या आणि दोन्ही आकड्यांचा अर्थ त्यांना आपल्या शब्दांत समजावून सांगा.